खालचा पाइप

गॅरेजमधल्या कट्ट्यावर नऊ वस्तू होत्या. इंजिनाच्या दोन भागांमध्ये बसणारं, काठावर काळं पडलेलं एक हेड गॅस्केट. दोन रबरी पाइप, त्यातला एक बोटभर फाटलेला. दोन थर्मोस्टॅट. एक रेडिएटर आणि त्याचं झाकण. पाण्याचा एक पंप आणि पंपाचा पट्टा. सगळ्या एकाच गाडीतून निघालेल्या, चार महिन्यांत. मिस्त्रींच्या लेकीने त्या ओळीने मांडल्या, पुन्हा एकदा मोजल्या आणि प्रत्येकीपुढे खडूने तारीख लिहिली. तारखा वडिलांनी दुसऱ्या एका गाडीखाली आडवं पडल्यापडल्या सांगितल्या, एकदाही न अडखळता.

"पुरावे गोळा करतेस का बापाविरुद्ध?" गाडीखालून आवाज आला.

"नोंद करतेय, बाबा."

"तेच ते."

शेजारचा टायरवाला नेहमीप्रमाणे काम नसताना दारात येऊन उभा होता. तो म्हणाला, "मिस्त्री, भौतिकशास्त्र शिकवलंस ना पोरीला? भोग आता. आमचा मुलगा बघ, काही शिकला नाही, काही विचारत नाही. सुखात आहे मी."

"काका, तुमचा मुलगा तुम्हाला विचारत नाही, कारण तो तुमच्याशी बोलतच नाही," लेक म्हणाली.

"म्हणून तर सुखात आहे."

गाडीखालून हसू आलं, पण थोडंच.

ज्या गाडीवरून हे सगळं चाललं होतं ती पलीकडे बॉनेट उघडून उभी होती. पांढरी, चौदा वर्षांची, सिस्टरांची. सिस्टर दर मंगळवारी आणि शुक्रवारी लशींची पेटी घेऊन डोंगरावरच्या आरोग्य केंद्रात जात. सपाट रस्त्यावर गाडी शहाण्यासारखी चाले. पुढे अकरा किलोमीटरचा चढ होता. त्यात सातव्या किलोमीटरच्या आसपास तापमानाचा काटा लाल पट्टीत जाई आणि बॉनेटखालून वाफ येई. चार महिन्यांपूर्वी पाइप फाटून इंजिन तापलं, गॅस्केट जळलं, ते मिस्त्रींनी बदललं. ती दुरुस्ती चोख झाली असंच सगळ्यांना वाटलं. पण गाडी पुन्हा तापली. थर्मोस्टॅट बदलला. पुन्हा तापली. रेडिएटर आणि झाकण बदललं. पुन्हा. पंप आणि पट्टा बदलला, थर्मोस्टॅट परत एकदा बदलला. मागच्या शुक्रवारी परत तेच.

त्या दिवशी सिस्टर गॅरेजमध्ये आल्या तेव्हा आवाज चढवला नव्हता. तेच जास्त लागलं.

"पाऊण तास उन्हात उभी होते, मिस्त्री. पेटीतलं तापमान आठ अंशांच्या वर गेलं की लस टाकून द्यावी लागते. चाळीस डोस टाकले मी. वर केंद्रात बायका लेकरं घेऊन दीड तास बसल्या होत्या, त्यांना हात हलवत परत पाठवलं."

सिस्टरांनी किल्ली कट्ट्यावर ठेवली.

"अजून एकदा बघा. तुम्ही म्हणता म्हणून देतेय. ह्या शुक्रवारीही तापली, तर मात्र मी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेईन. राग मानू नका."

एकतीस वर्षांत मिस्त्रींच्या हातून गाडी दुसरीकडे गेली असं झालं नव्हतं. आणि हातून हा शब्द इथे नुसता म्हणण्यापुरता नव्हता. त्यांचं सगळं निदान हाताने चाले. ड्रमवर तळवा ठेवून कुठला ब्रेक घासतोय ते सांगत. पंख्यापुढे बोटं धरून वारा पुरेसा आहे की नाही ते ठरवत. पाइपला हात लावून म्हणत, "नव्वदच्या आसपास," आणि नव्वदच निघे. लेक लहान असताना हा त्यांचा खेळ होता. कपातल्या दुधाला दोघांनी बोट लावायचं, आकडा सांगायचा आणि मग तापाच्या थर्मामीटरने बघायचं. दोन थर्मामीटर फुटले तेव्हा आईने तो खेळ बंद पाडला. आता लेक विद्यापीठात उष्णतेवरच संशोधन करत होती. हा विषय का निवडलास, असं कुणी विचारलं तर ती काहीतरी भारदस्त कारण सांगे.

दहा दिवसांच्या सुट्टीवर ती घरी आली होती. त्यातले तीन गेले होते.

नऊ वस्तूंपैकी जळलेलं गॅस्केट आणि फाटलेला पाइप उघडच निकामी होते. राहिल्या सात. तिने आईकडून एक पातेलं मागून आणलं. आई म्हणाली, "ने, पण परत आणू नकोस. ग्रीसचा वास असलेल्या पातेल्यात मी काही शिजवणार नाही." गॅरेजच्या मागच्या खोलीत शेगडी होती. तिने पातेल्यात पाणी घेतलं, दोन्ही थर्मोस्टॅट तारेने लटकवून त्यात बुडवले आणि प्रयोगशाळेतून आणलेला काडीसारखा थर्मामीटर सोडला. थर्मोस्टॅट म्हणजे एक लहानशी झडप. पाणी ठराविक तापलं की ती उघडते आणि इंजिनातलं पाणी रेडिएटरकडे जाऊ देते. पहिली ब्याऐंशी अंशांना उघडू लागली, दुसरीही ब्याऐंशीलाच. दोन्हींवर छापलेला आकडा ब्याऐंशी होता.

रेडिएटरचं खालचं तोंड फडक्याने बंद करून तिने तो पाण्याने भरला आणि फडकं ओढलं. पाणी एकदम भसकन गेलं. पंपाची पाती घट्ट होती, दांडा जराही हलत नव्हता. झाकण टायरवाल्याकडच्या हवेच्या नळीवर लावून बघितलं, ते दाब धरून होतं. राहिलेला पाइप आणि पट्टा यांना चीरसुद्धा नव्हती.

सातही वस्तू चांगल्या होत्या.

हे वडिलांना कसं सांगावं याचा ती जेवताना विचार करत राहिली. शेवटी कसंही न सांगता तिने वही त्यांच्यापुढे सरकवली. मिस्त्रींनी चष्मा लावून ती वाचली.

"असतील चांगल्या," ते म्हणाले. "पण खालचा पाइप गार लागतो, त्याचं काय?"

इंजिनातलं गरम पाणी वरच्या पाइपातून रेडिएटरमध्ये येतं, तिथे निवतं आणि खालच्या पाइपातून परत इंजिनात जातं. वरचा पाइप कढत आणि खालचा अगदी गार असेल तर पाणी फिरत नाही, वाटेत कुठेतरी अडलंय, हे त्या धंद्यातलं साधं गणित. मिस्त्रींनी प्रत्येक वेळी इंजिन तापवून दोन्ही पाइपांना हात लावला होता. प्रत्येक वेळी खालचा गार होता. म्हणून थर्मोस्टॅट, म्हणून रेडिएटर, म्हणून पंप. प्रत्येक पाऊल आधीच्या पावलावरून बरोबर होतं.

आणि तरी काढलेला प्रत्येक भाग चांगला होता. ह्या दोन गोष्टी एकत्र खऱ्या असू शकत नव्हत्या. तिला तिच्या मार्गदर्शकांनी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं की उत्तर जमत नसेल तर आधी उपकरण तपासायचं. तिने आपला थर्मामीटर तपासला. बर्फाच्या पाण्यात शून्य, उकळत्या पाण्यात नव्व्याण्णव पूर्णांक चार. गावाच्या उंचीवर तेवढंच हवं, त्यात काही खोट नव्हती.

दुपारी त्यांनी इंजिन सुरू केलं. वीस मिनिटं ते तसंच चालू ठेवलं. पंखा सुरू झाला, तरी काटा मधल्या खुणेवरून हळूहळू वर सरकू लागला. मिस्त्रींनी वरच्या पाइपला नुसतं बोट टेकवलं. "हा तापलाय." मग वाकून त्यांनी खालचा पाइप मुठीत धरला.

"हे बघ. गार. मी काय म्हणत होतो? वर एवढा तापलेला आणि खाली..."

ते बोलत राहिले. लेकीने खात्री करायला म्हणून त्याच पाइपला, त्यांच्या मुठीच्या शेजारी, दोन बोटं लावली.

तिने हात झटक्यात मागे घेतला. बोटं तोंडात घातली. वडिलांची मूठ अजून पाइपभोवती होती आणि ते अडलेल्या पाण्याबद्दल सांगत होते.

"बाबा, सोडा!"

"काय?"

तिने त्यांचं मनगट धरून हात ओढला आणि तसाच नळाखाली धरला. "अगं, काय झालं? काय करतेस?" ते विचारत राहिले. तळहात लाल झाला होता. मधल्या दोन बोटांच्या मुळाशी कातडी पांढरी पडून फुगत होती. पाण्याखाली तिला आणखी काही दिसलं. बोटांवर लहान लहान जुने डाग होते, भाजून बरे झालेले. तिने ते मोजले. सात.

"हे कधीचे?"

मिस्त्रींनी हात उलटासुलटा करून पाहिला. दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. "होतं काम करताना."

"भाजताना कळलं होतं?"

त्यांनी हात परत पाण्याखाली धरला. तिने जाऊन थर्मामीटरची काडी खालच्या पाइपला लावली आणि वरून फडकं गुंडाळलं. अकरा सेकंदांनी आकडा स्थिर झाला. ब्याण्णव. वरच्या पाइपवर सत्त्याण्णव.

"तुझी काडी बिघडलीय," मिस्त्री म्हणाले.

"मगाशी तपासलीय."

"माझ्यासमोर तपास."

तिने शेगडीवर पाणी ठेवलं. उकळी फुटली, काडी आत गेली, आकडा चढत चढत नव्व्याण्णव पूर्णांक चारवर थांबला. मिस्त्री पाण्याकडे पाहत होते. मग स्वतःच म्हणाले, "पाच वाट्या आण. वेगवेगळं पाणी घाल. मला दाखवू नकोस."

तिने तसं केलं. ते डोळे मिटून स्टुलावर बसले, भाजलेला उजवा हात मांडीवर आणि डावा पुढे. तिने सांगितल्यावर एकेका वाटीत बोटं बुडवत गेले. वीस अंशांना ते "गार" म्हणाले. तिशीला "गार." चाळिशीला "गार." पंचेचाळीसला थोडं थांबून "गारच." पन्नासला त्यांनी बोटं बराच वेळ बुडवून ठेवली. मग म्हणाले, "कोमट असेल. पण मी अंदाजाने सांगतोय, हाताने नाही."

डोळे उघडून त्यांनी वहीतले आकडे वाचले. दारात टायरवाला उभा होता. त्याने सगळं पाहिलं असावं, कारण तो काहीच विनोद न करता निघून गेला.

"हात लगेच सांगायचा," मिस्त्री म्हणाले. "अकरा सेकंद नाही लागायचे."

"हो, बाबा."

"हात गेला तर मिस्त्री कसला? नुसता पाना फिरवणारा माणूस."

खोटं बोलायचं तिला जमत नसे, आणि जे खरं होतं ते त्यांनीच बोलून टाकलं होतं. तिने भाजल्यावरचं मलम लावून पट्टी बांधली आणि मग, गप्प बसवेना म्हणून, गाडीकडे वळली. आता निदान एक गोष्ट नक्की झाली होती. खालचा पाइप तापलेला होता, म्हणजे पाणी नीट फिरत होतं. वर सत्त्याण्णव, खाली ब्याण्णव, फरक फक्त पाचाचा. पाणी रेडिएटरमध्ये जाऊन येत होतं, पण निवत नव्हतं. निवत नव्हतं म्हणजे वारा लागत नव्हता.

"पण पंखा तर फिरतोय," ती मोठ्याने म्हणाली.

"फिरतोय," मिस्त्री मागून म्हणाले. आणि मग त्यांच्या आवाजात काहीतरी बदललं. "कागद घे. जाळीपुढे धर."

तिने वहीतला एक कागद फाडून गाडीच्या तोंडाशी, जाळीपुढे धरला. पंखा रेडिएटरच्या मागे असतो आणि त्याने बाहेरची हवा आत ओढायची असते. कागद जाळीला चिकटायला हवा होता. तो उडून तिच्या छातीवर आला. तिने पुन्हा धरला. पुन्हा उडाला.

पंखा उलटा फिरत होता. सपाट रस्त्यावर वेगात पुढून येणारा वारा पुरत असे आणि पंख्याची गरजच पडत नसे. चढावर वेग कमी झाला, इंजिन तापलं की पंखा सुरू होई आणि जी थोडी हवा आत येत होती तिलाच बाहेर ढकले.

"गॅस्केट जळलं तेव्हा पंख्याच्या तारांचा जोडही वितळला होता," मिस्त्री हळू म्हणाले. "दोन्ही तारा काळ्या झाल्या होत्या, रंग कळत नव्हते. मी जोडल्या, पंखा सुरू केला आणि हात धरून बघितलं वारा कुठे जातोय ते." ते पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहत होते. "मला वाटलं, आत जातोय."

त्यांनी तारा सोडवल्या आणि अदलाबदल करून जोडल्या. डाव्या हाताने, सावकाश, प्रत्येक जोड डोळ्यांजवळ नेऊन. मग स्वतः कागद धरला. तो थप्पदिशी जाळीला चिकटला. एवढ्या चार महिन्यांच्या त्रासावर हा उपाय पाच मिनिटांचा होता. कुणी हसलं नाही.

घरी आईने पट्टी पाहिली आणि खुर्ची ओढून बसली. लेकीने तिला स्वयंपाकघरात एकटं गाठून विचारलं, "तुला काही जाणवलं होतं?"

"भांडं फडक्याशिवाय उतरवतात," आई म्हणाली. "कढत चहाचा कप असा हातात धरून बसतात. मला वाटलं, मिस्त्रीचा हात आहे, कणखर झाला असेल." ती ओट्यावरची एकच जागा पुसत राहिली. "कौतुक करत होते गं मी त्याचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक गॅरेजमध्ये पोचली तेव्हा मिस्त्री फोनवर होते. भिंतीवर खडूने अकरा गाड्यांची नावं लिहिलेली होती, एकावर काट मारलेली.

"ह्या वर्षात ज्यांचे ब्रेक मी हात लावून पास केले," त्यांनी फोन ठेवत सांगितलं. "सगळ्यांना परत बोलावतोय. ड्रम खोलून, मोजून बघायचे."

टायरवाला घाईघाईने आत आला. "मिस्त्री, डोकं ठिकाणावर आहे ना? एकाही गाडीची तक्रार नाही. लोकांना काय सांगणार, माझा हात गेलाय म्हणून? उद्या कुत्रं फिरकणार नाही इथे."

"नको फिरकू देत."

"अरे, हळूच एकेकाला बोलाव. सर्व्हिसिंग म्हण, काहीही म्हण."

"ब्रेक आहेत ते," मिस्त्री म्हणाले आणि पुढचा नंबर लावला.

टायरवाल्याने खडू उचलला. "यातला तिसरा माझ्या मेव्हण्याचा मित्र आहे. त्याला मी सांगतो. तुझ्याशी फार वाद घालेल तो."

गुरुवारी, लशीशिवाय, गाडी चढावर नेऊन बघायचं ठरलं. सिस्टर चालवत होत्या, शेजारी मिस्त्री, मागे लेक. पहिले सहा किलोमीटर सहज गेले. सातव्याला तिघांचेही डोळे काट्यावर होते. तो मधल्या खुणेवर होता. आठव्याला, नवव्याला तिथेच. दहाव्याला सिस्टरांनी खिडकीची काच खाली केली आणि म्हणाल्या, "चला, म्हणजे वर्कशॉपवाल्यांचं तोंड बघायला नको. काय होतं हो शेवटी?"

लेकीने आरशातून वडिलांकडे पाहिलं. पंख्याच्या तारा, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. ते खोटंही नव्हतं.

"पंख्याच्या तारा उलट जोडल्या होत्या मी," मिस्त्री म्हणाले. "पहिल्याच दुरुस्तीत. नंतर जे बदललं त्यातलं काहीच बदलायला नको होतं. तुमचे चाळीस डोस माझ्यामुळे गेले. आणि ते मला कळलं नाही, कारण हाताला कळत नाही. गार-गरम कळत नाही. बरेच दिवस झाले असावेत."

सिस्टरांनी गाडी हळू केली नाही, की त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. फक्त विचारलं, "पायातली चप्पल निसटली तर कळतं?"

मिस्त्रींनी पायांकडे पाहिलं. मग म्हणाले, "ते तुम्हाला कुणी सांगितलं?"

वर पोचल्यावर लेकीने बॉनेट उघडून आकडे घेतले. वरचा पाइप एक्क्याण्णव, खालचा ऐंशी. ते सांगायला ती आत गेली तेव्हा सिस्टरांनी वडिलांना तपासणीच्या खोलीत बसवलं होतं. लहानशी खोली होती. लोखंडी खाट, मुलांचा वजनकाटा, लशींचा घुमणारा फ्रिज, भिंतीला लावलेलं बाक. सिस्टरांच्या हातात एक दांडी होती, तिच्या टोकाला नायलॉनचा आखूड धागा.

"हा धागा वाकेपर्यंत टेकवायचा, म्हणजे दहा ग्रॅमचा दाब पडतो," त्या लेकीला म्हणाल्या. "ठीक असेल त्याला तो कळतो. कशामुळे झालंय ते डॉक्टर सांगतील, उद्या उपाशीपोटी साखरेसाठी रक्तही द्यायचंय. मी फक्त मोजणार. तू लिही."

"मी हाताचं विचारतोय, सिस्टर," मिस्त्री म्हणाले.

"आधी पाय. हात नंतर."

त्यांनी चपला काढल्या, पट्टी सोडली, खाटेवर आडवे झाले आणि डोळे मिटले. "लागलं की 'हो' म्हणायचं," सिस्टर म्हणाल्या. "उगाच मला बरं वाटावं म्हणून म्हणायचं नाही."

"आता नाही म्हणणार."

फ्रिज घुमत होता. सिस्टर प्रत्येक पायावर आणि हातावर दहा-दहा जागी धागा टेकवत, वाकला की उचलत, पुढच्या जागी नेत. हाताच्या वेळी भाजलेली जागा सोडून बाजूची घेतली. मधून मधून एखादा "हो" येई. एकदा तो येता येता थांबला आणि मिस्त्री म्हणाले, "नाही. तो धरू नका." लेक वहीत खुणा करत होती. शेवटच्या जागेनंतर सिस्टरांनी दांडी खाली ठेवली आणि तिच्याकडे पाहिलं.

"वाच," मिस्त्री डोळे न उघडता म्हणाले.

तिने वाचलं. "डावा पाय, दहापैकी शून्य. उजवा पाय, दहापैकी एक. डावा हात, दहापैकी चार. उजवा हात, दहापैकी तीन."